'सायडल अप टू' म्हणजे नेमकं काय, आणि ते कुठे वापरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करताना 'ही सायडल्ड अप टू द कॅशिअर' हे वाक्य आलं. शब्दकोशात 'सायडल'चा अर्थ 'बाजूला सरकणे, आडवे चालणे' असा दिलाय. पण 'तो कॅशिअरच्या बाजूला सरकला' असं लिहिलं की पुढचं जुळत नाही, कारण लगेच पुढच्या ओळीत तो हळू आवाजात पगारातली उचल मागतो. मग अर्थ काय घ्यायचा? आणि स्वतः इंग्रजी लिहिताना 'सायडल', 'एज', 'स्वर्व्ह', 'स्वे' यांतलं कुठलं कधी वापरायचं?

मी सोलापुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि अनुवादाच्या वह्याही तपासते. या क्रियापदापाशी मुलं हमखास अडखळतात, म्हणून जरा पसरून लिहिते.

आधी तुमचं वाक्य सोडवू. तो कुठे गेला, ते 'अप टू द कॅशिअर' एवढ्यात सांगून झालंय. 'सायडल्ड' सांगतं ते कसा गेला. समोरून ताठ चालत तो गेला नाही. खांदा पुढे, नजर भलतीकडे, टेबलांच्या कडेकडेनं, आपण सहजच इकडे आलोय असा आव आणत तो कॅशिअरपर्यंत पोचला. उचल मागायचीय, बाकीच्यांना कळू द्यायचं नाहीये, आणि कॅशिअरनं लांबूनच 'काय हवंय?' म्हणून मोठ्यानं विचारायला नकोय. एवढं सगळं त्या एका क्रियापदात आहे. म्हणून मराठीत 'तो अंग चोरत कॅशिअरपाशी आला' किंवा 'सहज आल्यासारखं दाखवत तो हळूच कॅशिअरला खेटून उभा राहिला' अशा वळणाचं काहीतरी हवं. मग पुढचा हळू आवाज आपोआप बसतो.

शब्दकोश चुकीचा नाही, त्यानं अर्धंच सांगितलंय. 'सायडल'मध्ये शरीर तिरकं होतं हे खरं, पण ते कशासाठी तिरकं झालंय हे जास्त महत्त्वाचं. माणूस कुणाकडे सरळ चालत गेला की त्याचा हेतू लांबूनच कळतो. तिरका गेला की कळत नाही. 'सायडल' करणाऱ्याच्या मनात संकोच असतो, भीती असते, लाळघोटेपणा असतो किंवा काहीतरी काळंबेरं असतं. चौघांतलं कुठलं ते आजूबाजूची वाक्यं सांगतात. पण चौघांतलं एकही नसेल, तर ते क्रियापद तिथे बसत नाही. 'प्लीज सायडल टू द लेफ्ट' असं कंडक्टर म्हणणार नाही. त्याला प्रवाशांनी डावीकडे सरकायला हवंय, त्यांच्या मनात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो 'मूव्ह' म्हणेल.

इथे 'स्नीक'शी घोळ होतो. 'स्नीक' करणारा दिसूच नये अशी धडपड करतो: चोरपावलांनी, अंधारातून, पाठीमागून. 'सायडल' करणारा मात्र लख्ख उजेडात सगळ्यांना दिसत असतो. त्याला स्वतःला लपवायचं नसतं, आपण कशासाठी चाललोय ते लपवायचं असतं. हा फरक एकदा पक्का झाला की निम्म्या चुका थांबतात. माझ्या मते या क्रियापदाचा गाभा हाच आहे, आणि वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते.

हे बघायचं असेल तर एसटी स्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहा. दिवाळीच्या आधीचा आठवडा असेल तर फारच उत्तम. रांग लांब असते. एखादा गृहस्थ रांगेत नसतो, रांगेच्या शेजारी असतो. तो भिंतीवरचं वेळापत्रक वाचतोय. पुणे, लातूर, विजापूर, परत पुणे. रांग पुढे सरकली की तोही अर्धं पाऊल सरकतो, पण डोळे वेळापत्रकावरच. मध्ये खिशातून रुमाल काढून कपाळ पुसतो, आणि पुसतापुसता त्याचा एक खांदा दोन माणसांच्या मधल्या फटीत गेलेला असतो. खांदा गेला की कोपर, कोपर गेलं की पिशवी. मग एकदम तो खिडकीपासून दुसरा! मागून कुणीतरी 'ओ काका, रांग आहे' म्हणून ओरडतं, तेव्हा तो इतक्या आश्चर्यानं मागे बघतो की ओरडणाराच ओशाळतो. वेळापत्रक वाचायला लागल्यापासून मागे वळून बघेपर्यंतची सगळी हालचाल म्हणजे 'सायडल'. इंग्रजीत एका ओळीत: 'ही सायडल्ड टोवर्ड्स द विंडो, हिज आइज ऑन द टाइमटेबल.' नजर कुठे होती ते सांगणारा हा शेवटचा तुकडा जोडायची सवय लावून घ्या. 'सायडल'च्या वाक्यात तो फार छान बसतो.

आता वाक्यरचना. हे अकर्मक क्रियापद आहे. जुन्या-मोठ्या कोशांत त्याचा सकर्मक वापरही नोंदवलेला सापडतो, पण आज लिहिताना त्याच्या वाटेला जाऊ नका. 'ही सायडल्ड हिज चेअर' असं लिहू नका, तिथे 'एज्ड' हवं. आणि 'सायडल' सहसा एकटं येत नाही, मागे एखादा छोटा शब्द घेऊन येतं. सगळ्यात जास्त 'अप टू'. मग 'ओव्हर टू', 'पास्ट', 'अलाँग', 'इनटू', 'आउट ऑफ', 'अवे'. दिशा हे शब्दच ठरवतात, म्हणून मराठी क्रियापदही त्यांच्याबरोबर बदलतं. 'द कॅट सायडल्ड अलाँग द वॉल' म्हणजे मांजर भिंतीच्या कडेकडेनं गेलं. 'शी सायडल्ड पास्ट द प्रिन्सिपल्स ऑफिस' म्हणजे प्राचार्यांच्या खोलीवरून ती अंग चोरून पुढे सटकली. 'ही सायडल्ड आउट ऑफ द मीटिंग' म्हणजे मीटिंगमधून त्यानं हळूच काढता पाय घेतला. 'द बॉय सायडल्ड ओव्हर टू हिज ग्रँडमदर' इथे काळंबेरं काही नाही, पोरगं लाजतंय: नातू लाजत लाजत आजीला येऊन बिलगला. चारही ठिकाणी इंग्रजी क्रियापद एकच, मराठीत मात्र चार वेगळ्या चाली. एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे चिकटवला की अनुवाद मेलाच समजा.

'सायडल्ड साइडवेज' लिहू नका, आडवेपणा शब्दातच आहे. 'सायडल्ड क्विकली' हेही सहसा विचित्र वाटतं, कारण घाई दिसली की आव गळून पडतो. 'नर्व्हसली' किंवा 'कॅज्युअली' चालतं.

शब्दाची जन्मकथा मला फार आवडते. इंग्रजीत आधी हे क्रियापद नव्हतंच. 'सायडलिंग' असं क्रियाविशेषण होतं, अर्थ 'बाजूच्या दिशेनं, तिरकं'. त्यातला 'लिंग' हा दिशा किंवा रीत दाखवणारा जुना प्रत्यय. तो प्रत्यय वापरातून गेला, लोक विसरले, आणि 'सायडलिंग' ऐकताना त्यांना वाटायला लागलं की हे 'गोइंग', 'वॉकिंग'सारखं 'इंग'वालं रूप आहे. मग 'इंग' काढलं की मूळ क्रियापद उरणारच! अशा रीतीनं 17व्या शतकाच्या शेवटाला 'सायडल' जन्माला आलं. 'ग्रॉव्हल', म्हणजे लोटांगण घालत गयावया करणं, हेही याच वाटेनं आलंय. 'ग्रॉव्हलिंग' म्हणजे पालथं, तोंड जमिनीकडे करून, हे आधीचं. 'एडिटर'वरून 'एडिट' आणि 'बर्गलर'वरून 'बर्गल' हीसुद्धा अशीच उलट्या दिशेनं तयार झालेली क्रियापदं. 'साइडलाँग', म्हणजे तिरका कटाक्ष वगैरे म्हणताना वापरतात ते, या 'सायडलिंग'चंच बदललेलं रूप आहे. त्यामुळे 'साइडलाँग ग्लान्स' आणि 'सायडल अप' ही एकाच घरातली भावंडं. एकात नजर तिरकी, दुसऱ्यात अख्खा माणूस.

उच्चाराचंही सांगते, कारण आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतली मुलं वर्गात असतात आणि 'ड'नंतर स्वर घालायची ओढ सगळ्यांनाच असते. 'सायडल'चं यमक 'आयडल'शी, तेच 'बसून राहिलेला, रिकामा' या अर्थाचं 'आयडल'. शेवटी 'डल' असा ठसठशीत अकार नको. 'ड'साठी जिभेचं टोक वर टेकवलं की ते तिथून हलवूच नका. टोक तसंच ठेवून जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडा, 'ल' आपोआप येतो. 'मिडल', 'कँडल', 'रिडल' यांतही हेच. म्हणजे हा शब्द म्हणताना हवासुद्धा बाजूनंच निघते, आणि मुलांना हे सांगितलं की उच्चार पुन्हा बिघडत नाही.

स्पेलिंगमध्ये एक खरीखुरी अडचण आहे. 'सायडल' आणि 'स्लाइड' या दोन्ही शब्दांत तीच पाच इंग्रजी अक्षरं आहेत (एस, आय, डी, एल, ई), फक्त क्रम वेगळा. त्यामुळे वाचताना डोळा फसतो. भूतकाळ लक्षात ठेवला की गोंधळ मिटतो: 'स्लाइड'चं 'स्लिड', 'सायडल'चं 'सायडल्ड'. अर्थानं दोघांचा काही संबंध नाही. 'स्लाइड' म्हणजे पृष्ठभागावरून घसरत जाणं, त्यात मन नाही. फरशीवर साबण 'स्लाइड' होतो, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून नाही.

आता शेजारपाजारच्या क्रियापदांकडे येऊ. सगळी सारख्याच विस्तारानं सांगत नाही, जिथे चुका होतात तिथेच थांबते.

'एज' सगळ्यात जवळचं आणि म्हणून सगळ्यात फसवं. त्यात मुद्दा आहे हळूहळू, थोडंथोडं, बोटबोट पुढे जाण्याचा. लपवाछपवी असलीच पाहिजे असं नाही. इथल्या सात रस्ता चौकात ऑफिस सुटायच्या वेळी गाड्या 'एज फॉरवर्ड' करतात, तिथे कुणी काही लपवत नसतं. आणि 'एज' कर्म घेतं: 'शी एज्ड हर चेअर क्लोजर', तिनं खुर्ची जराजरा करत जवळ ओढली. संशय आला की स्वतःला विचारा, इथे कुणाच्या तरी नजरेची भानगड आहे का? असेल तर 'सायडल', नसेल तर 'एज'.

'साइडस्टेप' हे एका झटक्याचं पाऊल आहे. समोरून काहीतरी येतंय आणि तुम्ही चटकन बाजूला झालात. लाक्षणिक अर्थानं तर मराठीत त्याला तयार जागा आहे: 'ही साइडस्टेप्ड द क्वेश्चन', त्यानं प्रश्नाला बगल दिली. इथे मूळ आणि अनुवाद इतके नेमके बसतात की दुसरं काही शोधू नये.

'स्वर्व्ह' म्हणजे वेगात असताना एकदम वळणं, बहुतेक वेळा काहीतरी चुकवण्यासाठी. 'द रिक्षा स्वर्व्ह्ड टू अव्हॉइड अ डॉग'. विजापूर रोडवरच्या अपघाताची बातमी इंग्रजीत लिहिताना हेच लागेल. 'व्हीअर'मध्ये दिशा बदलते आणि बदललेलीच राहते. 'स्वर्व्ह' करणारी गाडी बहुधा परत रस्त्यावर येते, 'व्हीअर्ड ऑफ द रोड' झालेली शेतात जाते. चर्चा भरकटली, धोरण उजवीकडे झुकलं, तिथेही 'व्हीअर'च. हवामानाच्या भाषेत तर याला काटेकोर अर्थ आहे: वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत गेली तर 'व्हीअर', उलटी फिरली तर 'बॅक'. 'स्किड'मध्ये चाकाची पकड सुटते, चालवणाऱ्याची इच्छा विचारलीच जात नाही.

'स्वे'बद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण इथे वस्तू जागा सोडत नाही. बुंधा जागेवर आणि शेंडा इकडून तिकडे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात ते डोळ्यांपुढे आणा. पेलणारा कमरेशी भार घेऊन चालतोय, पाऊल मोजून टाकतोय, आणि वर गर्दीच्या डोक्यावरून काठीचा शेंडा संथपणे एकदा इकडे, एकदा तिकडे. 'द टॉल पोल स्वेड अबव्ह द क्राउड.' काठी डुलतेय, पण तोल सुटलेला नाही. जोराचा गचका बसून ती एका बाजूला झेपावली, आणि सगळ्यांच्या तोंडून 'अरे अरे' निघालं, तर तो 'लर्च'. मराठीत 'स्वे'ला डुलणं किंवा हेलकावणं, 'लर्च'ला झोकांडी जाणं. बस सुटताना उभी माणसं झोकांडतात, तेव्हाही 'द बस लर्च्ड फॉरवर्ड'. म्हणजे 'लर्च' बाजूलाच व्हायला हवा असं नाही, तो अचानक आणि ताबा सुटलेला असायला हवा.

क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्यांना यातलं बरंच आधीच येत असतं, फक्त ते व्याकरणाच्या तासाला आठवत नाही. बाउन्सर आला की फलंदाज पाय न हलवता मागे झुकून 'स्वे' करतो. स्टंपांच्या आडवं पाय घासत सरकला की 'शफल्ड अक्रॉस', आणि मग बहुतेक पायचीत होतो. स्पिनरचा चेंडू हवेतच बाजूला वाहवतो तो 'ड्रिफ्ट'. आणि फलंदाज ऐटीत पुढे सरसावला की 'सशेड डाउन द ट्रॅक'.

या 'सशे'वर क्षणभर थांबते, कारण 'सायडल' समजायला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच शब्दाचा होत नाही. फ्रेंच नृत्यात 'शासे' नावाची पावलांची एक हालचाल आहे. अमेरिकेत लोकनृत्यांत ती जोडीनं आडवं सरकण्यासाठी आली, उच्चार बिघडत बिघडत 'सशे' झाला, आणि 19व्या शतकात तो ठुमकत, मिरवत चालण्याचा शब्द बनला. बघा, दोन्हींच्या मुळाशी आडवी चालच आहे. पण 'सशे' करणाऱ्याला सगळ्यांनी बघावं असं वाटतं, 'सायडल' करणाऱ्याला आपण कशासाठी चाललोय ते कुणाला कळू नये असं वाटतं. लग्नाच्या हॉलमध्ये नवी पैठणी नेसून स्टेजकडे निघालेली करवली 'सशे' करते. आहेर आणायला विसरलेले आणि पंगतीकडे निघालेले दूरचे काका 'सायडल' करतात.

माणसांखेरीज 'सायडल' वापरायचं का? वापरतात. जनावरांना सर्रास, आणि वाहनांनाही, पण तिथे लेखक त्यांना जरा माणूसपण देत असतो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला जाता तेव्हा जाणता नावाडी होडी पक्ष्यांवर सरळ नेत नाही. नाक दुसऱ्याच बाजूला ठेवून, आपलं तिकडे लक्षच नाही अशा बेतानं, तिरका तिरका जवळ नेतो, कारण सरळ येणारी वस्तू पक्ष्यांना हल्ला वाटते आणि थवा उठतो. 'द बोट सायडल्ड टोवर्ड्स द फ्लेमिंगोज.' इथे तिरकी चालही खरी, लपवलेला हेतूही खरा. खेकड्याला मात्र मी सहसा 'सायडल' लावत नाही. बहुतेक खेकडे आडवे चालतात कारण त्यांच्या पायांचे सांधेच तसे वाकतात, त्यात संकोच कसला? तुरुतुरु पळाला तर 'स्कटल' जास्त शोभतं. पण खेकड्यालाही 'सायडल' लावलेलं वाचायला मिळेल, ते चूक नाही.

इंग्रजी वर्तमानपत्रांत राजकारणाच्या पानावर 'सायडल अप टू' भरपूर दिसतं. एखादा पक्ष जुन्या विरोधकाशी 'सायडलिंग अप' करतोय म्हणजे उघड युती जाहीर न करता जवळीक वाढवतोय, सलगी करतोय. लक्षात घ्या, यात लेखकाची नापसंती आलीच. म्हणूनच अर्ज, अहवाल, पोलीस जबाब, प्रयोगाची नोंद अशा लिखाणात हे क्रियापद घेऊ नका. 'द विटनेस सायडल्ड अप टू द अक्यूज्ड' असं लिहिलं की तुम्ही साक्षीदाराच्या मनात काय होतं त्याचा निवाडाच देऊन टाकला. तिथे 'वेंट' किंवा 'अप्रोच्ड' पुरेसं. स्वतःबद्दल सांगताना मात्र गमतीनं खुशाल वापरा: 'आय सायडल्ड अवे बिफोर द स्पीचेस बिगॅन', भाषणं सुरू व्हायच्या आत मी सटकलो.

कोश कुठला बघायचा, याबद्दल शेवटचं. इंग्रजी-मराठी कोशात अशा क्रियापदांचा दिशादर्शक अर्थ तेवढा मिळतो. शिकणाऱ्यांसाठी काढलेले इंग्रजी-इंग्रजी कोश, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचे लर्नर्स डिक्शनरीवाले, हालचालीबरोबर मनःस्थितीही सांगतात आणि सोबत एक-दोन वाक्यं देतात. अर्थ वाचण्याआधी ती वाक्यं वाचा. 'एज', 'सायडल', 'सशे' अशी क्रियापदं भेटली की वहीत अर्थासमोर एकच शब्द लिहू नका. कोण चाललंय, कुणाकडे, आणि मागे कुठला छोटा शब्द आलाय, अशी अख्खी वाक्यंच उतरवून घ्या. अनुवाद करताना हाताशी तीच उपयोगाला येतात.